आठाचा आकडा

आपल्याकडे दुचाकीचे लायसन्स काढायचे म्हणजे ‘आठ काढायचा’. आर. टी. ओ.च्या मैदानात पाय न टेकता स्कूटरने इंग्रजी आठाचा आकडा गिरवला की साहेब मान डोलावतात आणि उमेदवार त्या क्षणापासून पक्का चालक ठरतो. मी १९८१ साली असाच आठ काढला. आमच्या चिरंजीवांनी १९९१ साली काढला. दोघांनाही अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला नसेल. तोच आकडा पुढे परदेशात आमची वाट पाहत बसेल, असे मात्र दोघांच्याही स्वप्नात आले नव्हते.

मी पुण्याचा. तेहतीस वर्षे शाळेत गणित आणि शास्त्र शिकवून निवृत्त झालो. चिरंजीव ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरी असतात. २०२४ च्या मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा नातवाला नुकतीच सतरा वर्षे पूर्ण झाली होती आणि घरात मोटारीशिवाय दुसरा विषय नव्हता.

पहिल्याच रात्री सूनबाईंनी माझ्यापुढे एक वही ठेवली. पाहतो तो पानापानावर तारखा, वेळा, रस्त्यांची नावे, मीटरचे आकडे आणि शेवटी सही!

“हे काय, दुधाचा हिशेब?” मी विचारले.

“तुमच्या नातवाच्या तासांचा हिशेब आहे, अण्णा. एकशे वीस तास! त्यांतले वीस रात्रीचे. प्रत्येक वेळी मी नाहीतर हे शेजारी बसलेलो.”

वाचकहो, त्या न्यू साउथ वेल्स राज्यात सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. पण पंचविशीच्या आतल्या उमेदवाराने असे एकशे वीस तास भरून दाखविल्याशिवाय त्याची परीक्षाच घेत नाहीत. पुऱ्या परवान्याच्या माणसाने शेजारी जीव मुठीत धरून बसायचे आणि सही करायची. मला आमच्या अर्ध्या मिनिटाची आठवण झाली. पण मी काही बोललो नाही.

एप्रिलमध्ये नातू परीक्षा पास झाला. आता गडी मोकळा सुटला, असे मला वाटले. कसचे काय! त्याने मोटारीला पुढे आणि मागे एकेक पांढरी पाटी लावली. तिच्यावर तांबडाभडक ‘पी’.

“हा पी कशाचा रे?”

“तात्पुरत्याचा, आजोबा. वर्षभर लाल, मग दोन वर्षं हिरवा. तोपर्यंत मी अर्धाच ड्रायव्हर!”

या अर्ध्या ड्रायव्हरला नियम मात्र दुपटीने होते. लाल पाटी असेतोवर रस्त्यावर कितीही लिहिलेले असो, ताशी नव्वद किलोमीटरच्या वर जायचे नाही. दारूचा थेंबही चालत नाही. टेलिफोन हातात सोडाच, हात न लावता बोलणेही बंद. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात एकवीस वर्षांच्या आतला एकच सोबती. घरची माणसे तेवढी वगळलेली.

आणि सर्वांत मौजेचा नियम मोटारीच्या ताकदीचा. नातवाने एक जुनी, दोन दारांची, लाल रंगाची मोटार हेरून ठेवली होती. तिचे चित्र तो दिवसातून चार वेळा मला दाखवी. मी मास्तर पडलो. म्हटले, हिशेब करून पाहू. नियम असा, की इंजिनाची शक्ती किलोवॅटमध्ये घ्यायची आणि तिला गाडीच्या टनांतल्या वजनाने भागायचे. उत्तर एकशे तीसच्या वर गेले, तर नवशिक्याला ती मोटार वर्ज्य. २०१४ पूर्वी तिथे आठ नळकांड्यांच्या आणि टर्बोच्या बहुतेक गाड्या सरसकट बंद असत. पण नव्या काळात साध्या कुटुंबवत्सल गाड्यांनाही टर्बो बसू लागला, म्हणून हा भागाकार आला. नातवाच्या लाडकीची शक्ती २०० किलोवॅट, वजन दीड टन. उत्तर १३३.

“तीन मार्कांनी नापास!” मी म्हटले. त्याचा चेहरा पाहून मला वाईटही वाटले आणि हसूही आले. शेवटी घरातली जुनी, ऐंशीच्या घरातली गाडीच त्याच्या वाट्याला आली.

इथपर्यंत सारे गमतीचे होते.

जूनमध्ये एके दिवशी टपालाने एक पाकीट आले. मोटार चिरंजीवांच्या नावावर, म्हणून पाकीटही त्यांच्याच नावाचे. पन्नासची मर्यादा असलेल्या रस्त्यावर कॅमेऱ्याने आमची मोटार अठ्ठावन्नच्या वेगाने टिपली होती. वार आणि वेळ पाहून सर्वांनी नातवाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली.

पुऱ्या परवान्याच्या चालकाला या गुन्ह्याचा एकच दोषगुण लागतो आणि त्याच्या खाती तेरा गुणांची मुभा असते. लाल पाटीवाल्याला मात्र लहानात लहान वेगमर्यादा मोडली तरी चार गुण लागतात. आणि त्याची मुभाच मुळी चारांच्या आतली. म्हणजे परवाना तीन महिने जप्त.

चिरंजीवांनी पाकीट उलटसुलट केले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “फोटोत चेहरा नाही. गाडी माझ्या नावावर आहे. मी काहीच कळवलं नाही, तर दंड माझा. माझ्या तेरातला एक जाईल, त्याचे तीन महिने वाचतील. बारावीचं वर्ष आहे त्याचं. फक्त आठाचा तर फरक!”

“हे खोटं होईल,” सूनबाई म्हणाल्या. “उघडकीला आलं तर तो वेगळाच गुन्हा.”

“अण्णा, तुम्ही सांगा. चूक आहे का यात?”

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. मला घाम फुटला. कारण चिरंजीव मला सल्ला विचारत नव्हते. आठवण करून देत होते.

ती आठवण १९८८ सालची. चिरंजीव तेव्हा दहावीत, वय पंधरा. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली आमची स्कूटर मी त्याला टेकडीच्या पायथ्याशी स्वतः शिकविली होती. ‘पोराचे पाय टेकतात’ हे मी शिक्षकांच्या खोलीत अभिमानाने सांगत असे. कायदा मला ठाऊक नव्हता असे नाही. पण गल्लीतल्या गल्लीत कसला कायदा! एका सकाळी मीच त्याला कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणायला पाठविले. वळणावर दूधवाल्याची सायकल आडवी आली. मी धावत पोचलो तेव्हा रस्ताभर दूध सांडले होते आणि तो माणूस पाय धरून बसला होता. हवालदाराने विचारले, “गाडी कोण चालवत होतं?” मी म्हणालो, “मी.”

इस्पितळाचे पैसे मी दिले. दंड भरला. प्रकरण मिटले. घरातल्या सर्वांनी माझे कौतुक केले. चार महिन्यांनी दूधवाला कुबडी घेऊन राहिलेल्या पैशांसाठी दारात आला. गाडीवर कोण होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तो एवढेच म्हणाला, “मास्तर, पोराला सांभाळा.” रतीब त्याला पुन्हा घालता आला नाही. तो गावी गेला.

सिडनीच्या त्या टेबलाशी मी ही हकीकत प्रथमच नातवासमोर सांगितली. चिरंजीव खिडकीबाहेर पाहत होते. नातवाने विचारले, “आजोबा, त्यांचं पुढे काय झालं?”

“माहीत नाही. मी कधी चौकशीच केली नाही.”

मग मी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब मांडला; दुसरे मला काय येते? वेग वाढतो तसा धक्का त्याच्या वर्गाने वाढतो. पन्नासचा वर्ग अडीच हजार. अठ्ठावन्नचा तीन हजार तीनशे चौसष्ट. वेग सोळा टक्क्यांनी वाढला, धक्का पस्तीस टक्क्यांनी! दोन सारख्या मोटारींनी एकाच जागी ब्रेक दाबले आणि पन्नासची मोटार एखाद्या माणसापुढे वीतभर अंतरावर उभी राहिली, तर अठ्ठावन्नची त्याच जागी अजून एकोणतीसच्या वेगाने धावत असेल.

“एकोणतीस म्हणजे किती, ठाऊक आहे?” मी चिरंजीवांना विचारले. “त्या सकाळी तुझी स्कूटर साधारण तेवढ्याच वेगात होती.”

कोणी काही बोलले नाही.

पुण्याची एक बातमी तेव्हा ताजी होती. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव, महागड्या मोटारीने दोन तरुण इंजिनियरांचा बळी घेतला. त्या मुलाला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, म्हणून गहजब झाला. गाडी मी चालवत होतो असे सांग, म्हणून घरच्या ड्रायव्हरवर दडपण आणल्याचाही आरोप झाला. ते वाचताना सारे जग संतापले होते. मीही संतापलो होतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. ‘मी चालवत होतो’ हे वाक्य मी छत्तीस वर्षांपूर्वी फुकट म्हटले होते.

आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. सोळा ते अठरा वयाला पन्नास सी. सी.पर्यंतचीच दुचाकी, हेही कायद्यात आहे. परंतु अठरा पूर्ण झाली आणि आठ निघाला, की कितीही ताकदीच्या गाडीवर बसायला मोकळीक! वेगाचा दंड मोटारीला हजार ते दोन हजार रुपये. वडिलांनी भरला की मिटले. मधली पायरीच नाही. ती पायरी सरकार बांधील तेव्हा बांधो; घरात तरी आपण बांधू शकतो.

सकाळी उठून पाहतो तो नातवाने चिरंजीवांपुढे कॉम्प्युटर उघडून ठेवला होता. “बाबा, चालकाच्या जागी माझं नाव भरा.” चिरंजीवांनी भरले. मग माझ्या खोलीत येऊन ते बराच वेळ उभे राहिले. “अण्णा, मला त्या वेळी वाटलं होतं, तुम्ही मला वाचवलंत,” एवढेच म्हणाले.

जुलैपासून तीन महिने नातू आगगाडीने शाळेत गेला. थंडीचे दिवस, संध्याकाळी पाचलाच अंधार पडे. मी स्टेशनपर्यंत त्याला आणायला जात असे. तो कुरकुरला नाही असे नाही. चांगला कुरकुरला!

परवाना परत मिळाला त्याच आठवड्यात, बारा ऑक्टोबरला, दसरा आला. सूनबाईंनी झेंडूची माळ केली. मी जुन्या मोटारीला कुंकू लावले आणि लाल ‘पी’ची पाटी स्वतः पुसून पुढे लावली. नातू म्हणाला, “चला आजोबा, चक्कर मारू.”

मी शेजारी बसलो. पन्नासचा रस्ता होता. मीटरवर माझा डोळा होता. काटा अठ्ठेचाळीसवर होता. मागच्या मोटारीने भोंगा वाजविला. नातवाने आरशात पाहिले, पण काटा हलला नाही.