काळोखाची किंमत

जी वस्तू विपुल आहे, तिला बाजारात किंमत नसते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात विद्यार्थ्यांना सांगितले जाते. उदाहरणादाखल हवा आणि सूर्यप्रकाश यांची नावे घेतली जातात. या यादीत काळोख आणि शांतता यांचा समावेश करण्याची गरज कोणाला भासली नाही. कारण त्या कधी काळी दुर्मिळ होतील, ही कल्पनाच कोणी केली नव्हती. आज मात्र मुंबई, पुणे, नाशिक येथील माणसे त्या दोहोंच्या शोधात पेट्रोल जाळून सह्याद्री गाठतात. मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहण्यासाठी लोटणारी गर्दी हे त्याचे बोलके उदाहरण होय.

अकोले तालुक्यातील हा डोंगराळ प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर आहे, आणि महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्यावस्त्याही आहेत. वळवाच्या सरी पडून हवेत ओलावा आला की घाटघर, रतनवाडीच्या बाजूचे हिरडे, बेहडे, सादडे असंख्य काजव्यांनी लुकलुकू लागतात. हे दृश्य विलोभनीय खरेच. पण ते आपल्या करमणुकीसाठी मांडलेले नसते. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ ओलसर जमिनीत, अळीच्या अवस्थेत जातो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती उरतात ते मोजके आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि पुढच्या पिढीची तरतूद करायची. त्याचा प्रकाश ही जोडीदाराला घातलेली साद असते. मोटारींचे दिवे आणि विजेऱ्यांचे झोत यांत ती साद बुडून जाते. झाडाखालची माती तुडवली गेली, म्हणजे अंडी आणि अळ्याही चिरडल्या जातात. नुकसान त्या रात्री दिसत नाही. पुढच्या वर्षीच्या झाडावर ते दिसते.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाचे उदाहरण देऊन असाच पेच मांडला होता. आपली एक जादा गाय सोडण्यात प्रत्येक गुराख्याचा फायदा असतो, आणि त्या फायद्यांच्या बेरजेतून कुरण उजाड होते. माझ्या एका मोटारीने काय बिघडणार, असे म्हणणारा पर्यटक त्या गुराख्याहून वेगळा नाही. फरक असलाच तर इतकाच की, गुराख्याला उजाड कुरणाशेजारीच राहावे लागते. पर्यटक रविवारी रात्री घरी परततो.

मग पर्यटकांना सरसकट बंदी करावी काय? हा उपाय सोपा दिसतो, पण न्याय्य नाही. येथील धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या सपाटीवर ऊस पिकवला, आणि त्याच प्रवरेच्या खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. ही कामगिरी मोठीच. परंतु ज्या डोंगरांवर हे पाणी पडते, तेथील आदिवासी शेतकरी पावसाळी भातावर विसंबून राहिला आणि उन्हाळ्यात रोजगारासाठी बाहेर पडत राहिला. आता पर्यटकांच्या जेवणाचे, मुक्कामाचे, वाट दाखवण्याचे चार पैसे त्याच्या घरात येऊ लागले आहेत. ते बंद करण्याचा सल्ला पगारदार माणसाने सहज देऊ नये.

बंदी आणि मोकाट बाजार यांच्या पलीकडे तिसरा मार्ग आहे. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील कुरणे, जंगले, मासेमारी यांचा अभ्यास करून दाखवून दिले की, नियम ठरवण्यात आणि राबवण्यात स्थानिक लोकांचा हात असेल, तर सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. साताऱ्याजवळील कास पठारावर शुल्क, संख्येची मर्यादा आणि गावकऱ्यांचा सहभाग यांची सांगड घालण्याचा प्रयत्न झालेला आहे. भंडारदऱ्यातही वनखाते शुल्क घेते, नियम घालते. पण हंगामातील शनिवारी रात्री मोटारींच्या रांगांपुढे मूठभर वनरक्षक काय करणार? एका रात्रीत किती माणसे यावीत हे आधी ठरवावे. वाहने अलीकडेच थांबवून पुढची वाट गावातील वाटाड्यासोबत पायी चालावी. काही झाडे दरवर्षी पूर्णपणे निवांत ठेवावीत आणि शुल्कातील ठरावीक वाटा ग्रामसभेकडे जावा. काजवे टिकण्यात ज्याचे उत्पन्न गुंतले आहे, त्याच्याइतका दक्ष पहारेकरी दुसरा मिळणार नाही.

या व्यवस्थेत गैरसोय होईल ती आपली. एखाद्या वर्षी जागा मिळणार नाही, छायाचित्र काढता येणार नाही, अंधारात मैलभर चालावे लागेल. शाळा-महाविद्यालयांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही गैरसोय आधीच समजावून सांगावी. शुल्काच्या पावतीवर छापलेला आकडा हा काळोखाच्या किमतीचा लहानसा भाग आहे. उरलेली किंमत आपल्याला संयमाने चुकती करावी लागेल; आपण ती टाळली, तर ती काजव्यांकडून आणि त्या गावांकडून वसूल होईल.