Explainer: नालीतलं सोनं शोधताना हात-पाय कसे वाचवाल? बूट आणि हातमोजे निवडताना काय पाहायचं, समजून घ्या

फुलंब्री : एप्रिल 2025 मध्ये सोन्याचा भाव पहिल्यांदाच तोळ्याला, म्हणजे 10 ग्रॅमला, 1 लाख रुपयांवर गेला. भाव वाढला की सराफा दुकानांपुढच्या धुळीचीही किंमत वाढते. दुकानं उघडण्याआधी झाडू आणि घमेलं घेऊन येणारे, नालीतला गाळ उपसून त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी राज्यातल्या जुन्या पेठांना नवे नाहीत. मात्र यातले बहुतेक जण आजही अनवाणी किंवा साध्या चपलेवर, उघड्या हातांनी हे काम करतात. काच, सुया, घाण पाणी आणि नंतर थेट तेजाब, असा हा प्रवास असतो. या कामासाठी बूट आणि हातमोजे कोणते घ्यावेत, कोणते घेऊ नयेत, याची ही सोप्या भाषेतली माहिती.

फुलंब्रीच्या जमिनीत सोनं आहे का?

सरळ उत्तर, नाही. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा सगळा पट्टा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात सोन्याच्या शिरा मिळत नाहीत. राज्यात सोन्याचे साठे आढळले ते पूर्व विदर्भात, नागपूर-भंडारा भागातल्या जुन्या खडकांत. नदीची वाळू धुवून सोनं काढणारे सोनझारीही त्याच बाजूचे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात संबलपूर, मंडला, बालाघाटसोबत चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागातही त्यांची नोंद आहे.

त्यामुळे फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावात किंवा शहरातल्या सराफा बाजारात 'सोनं शोधणं' म्हणजे सोनाराच्या कानशीने, पॉलिशने उडालेले कण शोधणं. शेतात गुप्तधन खोदण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेला, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

काम कसं चालतं आणि धोका कुठे आहे?

सोनं पाण्याच्या 19 पट जड, तर वाळू जेमतेम अडीच पट. त्यामुळे गाळ घमेल्यात घेऊन पाण्यात हलवत राहिलं की माती-वाळू वाहून जाते आणि जड कण तळाशी उरतात. चुंबकाने लोखंडाचा कीस वेगळा केला जातो. पुढे अनेक ठिकाणी पारा वापरतात. पारा सोन्याचे बारीक कण धरून ठेवतो. मग तो गोळा तापवून पारा उडवला जातो किंवा नायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे तेजाबात टाकला जातो. तेजाबात चांदी, तांबं, पारा विरघळतो, सोनं उरतं.

म्हणजे एकाच कामात चार वेगळे धोके आहेत : नालीतली टोकदार वस्तू आणि घाण पाणी, पारा, तेजाब आणि भट्टीची उष्णता. या चारही गोष्टींपासून वाचवेल असा एकच हातमोजा बाजारात नाही. खरेदीत सर्वाधिक चूक इथेच होते.

पायात काय घालायचं?

नालीच्या आणि गाळाच्या कामासाठी गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे गमबूट हाच योग्य पर्याय आहे. चामड्याचे सेफ्टी शूज बांधकामावर चांगले, पण ते पाणी शोषतात, तेजाबाने खराब होतात आणि आत गेलेली घाण धुता येत नाही. कापडी बूट आणि सँडल तर नकोच.

- शिक्का पाहा : पीव्हीसी गमबुटांसाठी आयएस 12254 आणि रबरी बुटांसाठी आयएस 5557 ही भारतीय मानकं आहेत. बुटावर आयएसआय खूण आणि हा क्रमांक आहे का, ते तपासा.
- तळ पाहा : नालीत खिळे आणि काचा असतात. साध्या गमबुटाच्या तळातून खिळा आरपार जाऊ शकतो. तळात टोकदार वस्तू अडवणारी पट्टी असलेले बूट मिळतात. सेफ्टी बुटांवर 'एस 5' लिहिलं असेल तर पुढे कडक टोपी आणि तळात अशी पट्टी, दोन्ही असतात. 'एस 4' मध्ये तळाची पट्टी नसते.
- खाचा पाहा : तळाला खोल, मोकळ्या खाचा हव्यात. झिजून गुळगुळीत झालेला बूट शेवाळावर घसरतो.
- माप : बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून मापावेत. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सैल बूट गाळात रुतून बसतो आणि पाय बाहेर येतो.
- पँट कुठे : तेजाबाचं काम करताना पँटची मोरी बुटाच्या बाहेर, वरून सोडावी. आत खोचली तर सांडलेलं तेजाब थेट बुटात उतरतं.

वाहत्या नदीत वाळू धुताना मात्र उंच गमबूट धोक्याचे ठरू शकतात. बुटात पाणी भरलं की पाय उचलणं अवघड होतं. तिथे घट्ट बांधता येणारे, रबरी तळाचे बूट बरे आणि गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात न जाणं सर्वात बरं.

हातात काय घालायचं?

गाळ उपसताना : कोपराच्या जवळपास पोहोचणारे जाड पीव्हीसी किंवा नायट्राइलचा थर असलेले हातमोजे घ्यावेत. पॅकेटवर ईएन 388 आणि त्याखाली चार अंक असतात. पहिला अंक घासणं, दुसरा कापणं, तिसरा फाटणं आणि चौथा टोचणं यांविषयी असतो. आकडा जितका मोठा, तितका टिकाव जास्त. नालीच्या कामासाठी दुसरा आणि चौथा अंक महत्त्वाचा. तरीही इंजेक्शनची बारीक सुई पूर्ण अडवेल असा भरवसा कुठल्याही हातमोज्यावर ठेवू नये. गाळात हात खुपसण्याऐवजी खोरं किंवा फावडं वापरावं.

तेजाब हाताळताना : दवाखान्यात वापरतात ते पातळ हातमोजे इथे निरुपयोगी आहेत. पातळ लेटेक्स किंवा नायट्राइल तीव्र नायट्रिक ॲसिडपुढे टिकत नाही. सुती हातमोजा तर तेजाब शोषून कातडीला चिकटवून ठेवतो. जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल रबराचे लांब हातमोजे घ्यावेत. पॅकेटवर ईएन 374 या चिन्हाखाली इंग्रजी 'एम' अक्षर आहे का, ते पाहा. या अक्षराचा अर्थ 65 टक्के नायट्रिक ॲसिडवर चाचणी झालेली आहे. सोबत डोळ्यांवर बंद चष्मा हवाच.

भट्टीजवळ : इथे उष्णतारोधक चामड्याचे, ईएन 407 खूण असलेले हातमोजे लागतात. रबरी हातमोजे घालून भट्टीजवळ जाऊ नये, ते वितळून हाताला चिकटतात.

माप कसं घ्यायचं : अंगठा सोडून तळहाताचा घेर टेपने मोजा. 8 इंच भरला तर 8 नंबर. घट्ट हातमोजा लवकर फाटतो, सैल हातमोज्यात पकड सुटते. वापरण्याआधी रबरी हातमोज्यात हवा भरून, मनगटाशी पीळ देऊन दाबून पाहा. हवा निसटली तर तो टाकून द्या.

पाऱ्यापासून हातमोजे वाचवतात का?

फक्त अर्धवट. नायट्राइलचा हातमोजा पारा कातडीला लागू देत नाही, पण खरा धोका वाफेचा आहे. पारा तापवला की त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही आणि ती श्वासातून थेट शरीरात जाते. मज्जासंस्था आणि मूत्रपिंडावर तिचा परिणाम होतो. गर्भवती आणि लहान मुलांना धोका सर्वाधिक. घरातल्या चुलीवर किंवा बंद खोलीत पारा उडवणं म्हणजे सगळ्या कुटुंबाला ती वाफ देणं. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार 2017 मध्ये लागू झाला आणि भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. शक्य असेल तर पारा सोडून, धुऊन उरलेला जड कीस गाळणी करणाऱ्या कारखान्याला विकणं हाच सुरक्षित मार्ग.

तेजाबातून निघणाऱ्या लालसर तपकिरी धुराचंही तसंच. तो छातीत गेल्यावर सुरुवातीला फारसं जाणवत नाही, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. त्यामुळे बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जाणं आवश्यक आहे.

हे नियम विसरू नका

- झाकण असलेल्या चेंबरमध्ये उतरू नका. आतल्या विषारी वायूपासून बूट-हातमोजे वाचवत नाहीत. गटार आणि सेप्टिक टँकच्या अशा धोकादायक सफाईला माणूस लावण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे.
- पायाला जखम असेल तर घाण पाण्यात जाऊ नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शिरू शकतो. 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याचा उद्रेक झाला होता. पावसाळ्यात काम केल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा.
- धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्या.
- तेजाब अंगावर उडालं तर किमान 15 ते 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. चुना, हळद, टूथपेस्ट लावू नका. त्यानंतर जवळच्या रुग्णालयात जा. गंभीर इजा असेल तर 108 वर फोन करा.
- काम संपल्यावर बूट-हातमोजे बाहेरच धुवा, उलटे टांगून सावलीत वाळवा. हेच हातमोजे फवारणीला किंवा घरकामाला वापरू नका.

खर्च परवडतो का?

साधे गमबूट आणि गाळासाठीचे लांब हातमोजे काही शे रुपयांत मिळतात. तोळ्याला 1 लाखाच्या भावाने एक गुंज, म्हणजे साधारण 0.12 ग्रॅम सोनं, 1200 रुपयांच्या आसपास जातं. गाळाच्या कामाचा साधा संच साधारण तेवढ्यात बसतो. तेजाबाचे हातमोजे आणि तळात पट्टी असलेले बूट त्याहून महाग पडतात. पैसे एकदम नसतील तर आधी गमबूट आणि गाळाचे हातमोजे घ्यावेत. तेजाबाचं काम मात्र योग्य हातमोजे आणि चष्मा येईपर्यंत थांबवलेलं बरं.