विषाचं मीठ करणारी भट्टी

प्रोफेनोफॉस हे नाव वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पऱ्हाटीवर अळी दिसली की शेतकरी दुकानात येतो, नाव घेतो अन् डबा नेतो. मूर्तिजापुरात माझं कृषी केंद्र आहे. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं, त्यामुळे लेबलावरच्या नावामागचा रेणूही डोळ्यांसमोर येतो. कार्बनच्या सांगाड्यावर क्लोरीन, ब्रोमीन, गंधक आणि फॉस्फरस, चौघंही हजर. उरलेलं औषध संपवायची वेळ आली की घोळ घालतात ते हेच चौघं.

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अकोला-अमरावतीकडेही माणसं दगावली. त्यानंतर सरकारने पश्चिम विदर्भात काही औषधांवर तात्पुरती बंदी आणली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रणही होतं. मास्क, हातमोजे, फवारणीची वेळ यांवर तेव्हापासून बरंच बोललं जातं. डब्याच्या तळाशी उरलेल्या औषधाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. "भाऊ, मागच्या सालचं हे उरलं, आता याले नेऊ कुठी?" असं विचारणाऱ्याला मी काय सांगणार? १९७१चे कीटकनाशक नियम म्हणतात, वापरलेले डबे फोडा आणि वस्तीपासून दूर पुरा. आमच्याकडे वस्तीपासून दूर म्हणजे कुणाच्या तरी विहिरीजवळच की!

पेटवून द्यावं तर ते आणखी वाईट. जाळल्यावर क्लोरीनचं हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन धुरात जातं, आणि अर्धवट जळालेला धूर हळूहळू थंड होताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होऊ शकतात. म्हणून घातक कचऱ्याच्या भट्टीत ११०० अंशांच्या आसपास जाळल्यावर धूर झटकन थंड करावा लागतो, चुना किंवा सोडा वापरून धुवावा लागतो, गाळावा लागतो. जाळणं त्या मानाने सोपं, सगळी यंत्रसामग्री धुरामागे लागलेली असते.

वितळलेल्या मिठाची पद्धत हा धुराचा प्रश्न भांड्यातच मिटवते. मीठ म्हणजे इथे सोडियम कार्बोनेट, आपला धुण्याचा सोडा. तो ८५१ अंशांना वितळतो. मिश्रधातूच्या उभ्या पात्रात ९००-९५० अंशांवर त्याचा लालबुंद रस ठेवायचा आणि कचरा व हवा त्या रसाच्या पोटात खालून सोडायची. धगधगत्या ज्वाळा नाहीत. बुडबुडे वर येईपर्यंत कार्बन-हायड्रोजनचा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. क्लोरीनला मात्र सोडियम धरून ठेवतो आणि त्याचं साधं खायचं मीठ बनतं. ब्रोमीनचं ब्रोमाइड, गंधकाचं सल्फेट, फॉस्फरसचं फॉस्फेट. आम्ल वर निसटायला वावच राहत नाही. अमेरिकेत रॉकवेल कंपनीने हे तंत्र घडवलं; १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने ते क्लोरीनयुक्त द्रावकं आणि स्फोटकांवर वापरून पाहिलं. घातक कचऱ्याच्या भट्टीकडून ९९.९९ टक्के नाशाची अपेक्षा असते. मिठाच्या भांड्याने चाचण्यांत त्याहून सरस कामगिरी केलेली आहे.

एंडोसल्फानचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये थांबवलेलं हे औषध. त्याच्या एका रेणूत सहा क्लोरीन, एक गंधक. शुद्ध एंडोसल्फान एक किलो घेतलं तर किलोभराहून थोडा जास्त सोडा खर्ची पडतो, आणि मागे राहतं साधारण ८६० ग्रॅम मीठ व ३५० ग्रॅम सोडियम सल्फेट. विष गेलं, पण वजन गेलं नाही.

अन् नेमकं इथेच वऱ्हाडी माणसाचे कान टवकारले पाहिजेत. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्यात पसरलेला आमचा खारपाणपट्टा आधीच सोडियमने गांजलेला. विहिरीचं पाणी ओलिताला दिलं तर जमीन चिकट होऊन बसते. परदेशी अहवालांत 'निरुपद्रवी क्षार' असं ज्याला सहज म्हणतात, तो दर्यापूरच्या नाल्यात गेला तर निरुपद्रवी राहणार नाही. शिवाय कचऱ्यात जड धातू असले तर तेही याच क्षारात अडकतात. म्हणजे वापरलेला क्षार बंदिस्त जागीच ठेवायचा, किंवा त्यातला सोडा वेगळा काढून पुन्हा वापरायचा.

भट्टीचे स्वतःचेही नखरे आहेत. तापलेला क्षार पात्राचा धातू खातो. पाण्याचा लोट रसात शिरला तर एकदम वाफ होऊन स्फोट होऊ शकतो, म्हणून कचरा बेताबेतानेच सोडावा लागतो. विष झिरपलेली माती तर यात घालूच नये. मातीने रस दाट होतो आणि लवकर बदलावा लागतो. पूर आल्यासारखा कचरा रिचवणारं हे यंत्र नव्हे. थोडा, जहाल, क्लोरीनने भरलेला द्रव हेच त्याचं खाद्य, आणि जुनी कीटकनाशकं नेमकी तशीच असतात.

मोठ्या ढिगाऱ्याचं काय होतं ते भोपाळने दाखवलं. युनियन कार्बाइडचा कचरा नागपूरजवळ बोरखेडीच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळा, असं मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०११मध्ये सांगितलं. नागपुरातून विरोध झाला, महाराष्ट्र सरकारही अडून बसलं. शेवटी त्यातला ३३७ टन कचरा २०२५मध्ये पीथमपूरला जळाला. चुना वगैरे मिसळावा लागल्याने उरलेले अवशेष मूळ कचऱ्याहून जड भरले. तेव्हा वजन वाढतं म्हणून एकट्या मिठाच्या भट्टीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

माझी अडचण भट्टीच्या आधीची आहे. बंद पेटीतल्या मालाला बिल असतं, बॅच नंबर असतो, मालक असतो. गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या, झाकण उघडलेल्या बाटलीला कुणी वाली नाही. कारखान्यातलं मुदतबाह्य कीटकनाशक २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतं, त्याची नोंद होते. गोठ्यातली बाटली कुठल्याच नोंदवहीत नाही. दिवाळीनंतर फवारणी संपते. तेव्हा तालुक्याच्या बाजार समितीत एक दिवस ठरवून या बाटल्या गोळा कराव्यात, क्लोरीनवाल्या आणि बिनक्लोरीनच्या वेगळ्या लावाव्यात. लेबलं वाचून वर्गवारी करायला आम्ही दुकानदार बसू. वऱ्हाडात असा किती माल पडून आहे ते त्यातून कळेल. भट्टी केवढी हवी, अन् हवी की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.