फोटोवरून जनावरांची चित्रे : पेंटर बंधूंसाठी एक धंदा

सन २००० नंतर फ्लेक्सची छपाई गावोगाव पोहोचली आणि अमरावती-अकोल्यातील पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे काम बसले. हातातला हुन्नर मात्र गेलेला नाही. त्याला साजेसे एक काम आहे : फोटोवरून पाळीव जनावराचे चित्र काढून देणे.

शहरात कुत्री-मांजरे पाळणारे आहेतच. पण आमच्या मते वऱ्हाडातले खरे गिऱ्हाईक म्हणजे बैलजोडीचा मालक. पोळ्याला जोडी सजवणारा, तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैल उतरवणारा. शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली.

हे गिऱ्हाईक सोपे नाही. शिंगाचा बाक, वशिंड, कपाळावरचा चांद यांत जरा फरक पडला तरी मालक म्हणतो, हा माझा बैल नव्हे. मग मजुरी बुडाली समजा! सर्वांत जास्त चूक डोळ्यात होते. बैलाची बाहुली आडवी, लांबट असते, मांजराची उन्हात उभी चीर होते, कुत्र्याची गोल. बैलाला माणसाचा डोळा काढला की चित्र फसलेच.

निम्मे काम फोटोवर ठरते. मोबाईल तोंडाजवळ नेऊन काढला तर नाक मोठे येते, वरून काढला तर पाय आखूड दिसतात. कॅमेरा जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर धरून, चार पावले मागे सरून, सकाळच्या उजेडात फोटो घ्यायला सांगा. भर दुपारी पांढऱ्या बैलाच्या अंगावरचे बारकावे उडून जातात. जनावर मेलेले असेल आणि एकच धूसर फोटो असेल, तर घरात आणखी फोटो शोधायला सांगावे. न मिळाल्यास काम नाकारलेले बरे. पुढे फोटोवर व कागदावर चौकटी आखून मोठे करण्याची रीत पेंटरांना शिकवायला नको. केस मात्र ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने ओढावेत.

सजीवांचे चित्र काही कारागीर धर्माच्या कारणाने काढत नाहीत. तो प्रश्न ज्याने त्याने आलिमांना विचारून सोडवावा. जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर होते, हेही खरे. त्यांनी १६२१ साली काढलेला झेब्रा आज लंडनच्या संग्रहालयात आहे.

फ्रेमची काच चित्राला टेकू देऊ नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी. अकोल्याच्या उन्हात रंग उडतो, म्हणून चित्र कुठे लावायचे तेही सांगावे. मजुरी कागदाच्या मापावर न ठरवता लागणाऱ्या तासांवर ठरवावी. निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, आणि पेन्सिलीची आखणी मालकाला दाखवून त्याने होकार दिल्यावरच रंगाला हात लावावा.