सोलो नसलेला सॅक्सोफोन

ऑलिव्हर नेल्सनच्या ‘द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रूथ’ या १९६१ सालच्या जॅझ तबकडीवर सात वादक आहेत. एरिक डॉल्फी, ट्रंपेटवर फ्रेडी हबर्ड, पियानोवर बिल एव्हान्स, अशी एकापेक्षा एक माणसं. सॅक्सोफोनवर स्वतः नेल्सन. त्यांच्यातच बॅरिटोन सॅक्सोफोन घेतलेला जॉर्ज बॅरोही आहे, आणि अख्ख्या तबकडीत त्याच्या वाट्याला एकही सोलो नाही. जॅझमध्ये सोलो हीच वादकाची ओळख. मग सोलो द्यायचाच नव्हता, तर चांगला वादक बोलावला कशाला? नेल्सनची सगळी कारकीर्द या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असं मला वाटतं. बाकीच्या तीन सुषिर वाद्यांना खालून पेलायला त्याला बॅरोचा खर्ज हवा होता. कोणतं वाद्य कुठल्या सुरावर, कुणाच्या जोडीनं आणि किती दबक्या आवाजात वाजेल हे ठरवणं म्हणजे संगीत संयोजन. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या मंडळींनी हेच काम केलं. तिथंही नाव झालं ते चाल बांधणाऱ्याचं.

जॅझचा प्राण उत्स्फूर्ततेत आहे, आधी लिहून ठेवलं की तो गुदमरतो, हा आक्षेप जुनाच. त्यासाठी याच तबकडीतली ‘स्टोलन मोमेंट्स’ ऐकावी. तिची मुख्य चाल १६ बारची (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खण), सोलो मात्र १२ बारच्या साध्या मायनर ब्लूजवर. चाल घट्ट विणलेली, सगळी सुषिर वाद्यं जणू एकाच श्वासात सरकणारी. ती संपते आणि हबर्डचा ट्रंपेट मोकळ्या मैदानात येतो. त्याची झेप एवढी जाणवते ती आधीच्या त्या आवळलेपणामुळेच. नेल्सनचा टेनर सॅक्सोफोनवरचा सोलो तर आणखी बोलका आहे. छोटासा आकृतिबंध घ्यायचा आणि पायरीपायरीनं सरकवत न्यायचा. घाई नाही, दिखावा नाही. वाजवतानाही तो संयोजनच करत होता. पुढे त्यानं अशाच आकृतिबंधांचं पुस्तक काढलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. १९६७ साली नेल्सन लॉस एंजेलिसला गेला, ‘आयर्नसाइड’, ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ अशा दूरचित्रवाणी मालिकांना संगीत देऊ लागला आणि सॅक्सोफोन मागे पडला. १९७५ साली हृदयविकारानं गेला तेव्हा तो अवघा ४३ वर्षांचा होता. त्या टेनरचे आणखी सोलो मिळायला हवे होते, ही हळहळ मलाही आहे. पण हॉलिवूडनं वादक गिळला असं म्हणताना संयोजन दुय्यम ठरतं, ते मला मान्य नाही. मरीन सेवेत जपानमध्ये असताना नेल्सननं फ्रेंच संगीतकार राव्हेलचं वाद्यवृंदसंगीत ऐकलं, आणि परतल्यावर सेंट लुईस या आपल्या गावी संगीतरचनेचं शिक्षण घेतलं. मोठ्या वाद्यमेळाची ओढ हॉलिवूडच्या कितीतरी आधीची. टेनरवादक सनी रोलिन्सच्या १९६६च्या ‘अल्फी’ या तबकडीचं संयोजन त्याचंच. टेनर वाजवणाऱ्याला श्वास कुठे लागतो, हे त्याला स्वतःच्या छातीतून ठाऊक होतं. रोलिन्स दम घेतो तेवढ्या फटीत लिहिलेले सूर पुढे येतात आणि तो परतला की बाजूला होतात.