वेफर्सची चोच आणि कुकरमधले फुलपाखरू

केकच्या सजावटीचा इतिहास लिहिणाऱ्यांचा ओढा बहुधा कसबी कारागिरांकडे असतो, आणि त्यांत जोसेफ लॅम्बेथ यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर एकत्र घोटून तयार होणारे, वाळल्यावर कडक होणारे ‘रॉयल आयसिंग’ कोनातून पिळून रेषेवर रेष, थरावर थर चढवण्याची जी पद्धत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, तिचे सविस्तर विवेचन त्यांच्या १९३४ सालच्या ग्रंथात आहे. ग्रंथ थोर आहे यात शंका नाही. परंतु मुलाचा वाढदिवस उद्यावर आला असताना त्याचा आईबापांना काडीचाही उपयोग नाही.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय १९३३ साली सिडनीत सुरू झालेल्या ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ या नियतकालिकाकडे जाते. त्याने १९८० मध्ये मुलांच्या वाढदिवसाच्या केकचे एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्या देशातील किमान दोन पिढ्यांचे वाढदिवस या पुस्तकाच्या पानांवरून ठरत गेले. मुखपृष्ठावर लाह्या आणि गोळ्यांनी भरलेल्या डब्यांची आगगाडी होती. आत शंभराहून अधिक आकार होते. एलेन सिंक्लेअर यांच्या हाताखालच्या ज्या स्वयंपाकघरात हे पुस्तक घडले, तेथे प्रत्येक पाककृती छापण्यापूर्वी करून पाहण्याचा दंडक होता आणि पामेला क्लार्क यांच्यासारख्या जाणकार स्त्रिया त्या कामात होत्या. तरीही सिंक्लेअर यांचे नाव आज पुस्तकाच्या चाहत्यांनाही ठाऊक नसते, हे खेदजनक आहे.

पुस्तकाची खरी क्रांती चवीत नसून कृतीत होती. मूळ केक चक्क बाजारातल्या तयार मिश्रणाच्या पाकिटाचा करावा, असे त्यात निःसंकोच सुचवले होते. शुद्धतावाद्यांना हा आळशीपणा वाटतो. वास्तविक पाकिटातून दरवेळी सारख्याच मापाचा आणि पोताचा केक निघत असल्यामुळे छापील आकृतीबरहुकूम कापलेले तुकडे कोणाच्याही घरी एकमेकांना नेमके जुळत, आणि हा विचार सुताराच्या शिस्तीचा आहे. आयताकृती उथळ डब्यातल्या केकचे तुकडे कापायचे, ते लोणी, पिठीसाखर आणि थोडे दूध फेसून केलेल्या ‘व्हिएन्ना क्रीम’ने चिकटवायचे आणि तपशील किराणा दुकानातून आणायचे, अशी ती रीत होती. पिवळ्या बदकाची चोच बटाट्याच्या वेफर्सची आणि डोक्यावरचा तुरा मक्याच्या लाह्यांचा होता. पोहण्याच्या तलावात पाण्याच्या जागी जेली होती. वेफर्स क्रीममधला ओलावा शोषून मऊ पडत असल्याने चोच अगदी शेवटी बसवणे शहाणपणाचे ठरते. हे बदक थोडे तिरके झाले तरी बदकच दिसते, आणि हौशी हातांना इतकी सूट देणारी दुसरी कलाशाखा सहसा आढळत नाही. ‘ब्लूई’ या ऑस्ट्रेलियन कार्टून मालिकेने २०२० मध्ये एक संपूर्ण भाग याच बदकाला दिला, ज्यात मुलीच्या हट्टापायी तो केक करता करता बाप मेटाकुटीला येतो.

याच परंपरेतली बाहुली मात्र कितीतरी जुनी आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘बार्नबी रज’ या १८४१ सालच्या कादंबरीत डॉली वार्डन नावाची, नटण्यामुरडण्याची हौस असलेली एका कुलूपवाल्याची मुलगी आहे. १८७० च्या दशकात तिच्या नावाने फुलाफुलांच्या पोशाखाची लाट आली, आणि पुढे घुमटाकार केकमध्ये कमरेपर्यंत बाहुली खोचून त्या केकलाच तिचा घेरदार झगा मानण्याच्या प्रकाराला ऑस्ट्रेलियात हेच नाव चिकटले. महाराष्ट्रातील शहरांत ‘डॉल केक’ म्हणून जो मिळतो तो याच कुळातला, फक्त येथे आतला केक बहुधा पायनॅपलचा असतो, आणि झग्याच्या चुण्या लोण्याऐवजी वनस्पती स्निग्धांशाच्या व्हिप क्रीमच्या असतात, कारण विदर्भातल्या मे महिन्यात लोण्याचे आयसिंग तग धरत नाही.

अलीकडे या क्रीमची जागा ‘फॉन्डंट’ने, म्हणजे कणकेसारख्या लाटता येणाऱ्या साखरेच्या लगद्याने घेतली आहे. त्यामुळे थीम केक छायाचित्रात देखणे येऊ लागले हे मान्य करावे लागेल. परंतु मुले तो लगदा सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात, आणि ज्या पदार्थाचा वरचा भाग खाल्लाच जात नाही त्याला केक म्हणावे की मूर्ती, हा प्रश्न उरतोच.

ज्या घरांत ओव्हन नाही तेथे शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळू पसरून केक भाजला जातो, आणि तेथे आकारही कुकरच ठरवतो. आयताकृती डबा आत मावत नसल्याने आगगाडी अवघड होते; उलट गोल केक मधोमध कापून अर्धी चकती कापलेल्या बाजूवर उभी केली की साळिंदर होते, आणि दोन्ही अर्धुके गोल बाजू आत, सरळ काप बाहेर अशी पाठीला पाठ लावून मांडली की फुलपाखरू होते. पंखांवरचे ठिपके जेम्सच्या गोळ्यांचे करावेत, धड क्रीम रोलचे करावे आणि केक आदल्या रात्रीच भाजून ठेवावा, कारण गरम केकवर सुरी चालवली की त्याचा चुरा होतो.