हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही

(द्वितीय वर्ष, कला)

‘ऋण काढून सण करू नये’ असे आपले वडीलधारे सांगत आले. पण घर म्हणजे सण नव्हे. डोक्यावर हक्काचे छप्पर हवे असेल तर आज शिक्षकाला काय नि टेम्पोवाल्याला काय, कर्ज काढावेच लागते आणि पंधरा-वीस वर्षे दरमहा हप्ता भरावा लागतो. एवढ्या काळात कधीतरी आजारपण येणार, कधी काम सुटणार. अशा वेळी काय करावे हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ते कसे कळले, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझे वडील, म्हणजे अण्णा, टेम्पो चालवतात. गेल्या वर्षी माल उतरवताना त्यांचा पाय मोडला आणि तीन महिने टेम्पो दारात उभा राहिला. पहिला हप्ता चुकला, दुसराही चुकला. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला की दंड बसतो, तोही बसला. मग इंग्रजीत एक पत्र आले. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. “वाच आणि काय ते सांग,” अण्णा म्हणाले. परीक्षेत इंग्रजी कवितेवर चार पाने लिहिणाऱ्या मला त्या एका पानाचा अर्थ धड लागेना. शेवटी अर्थशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी पत्र वाचले आणि कोऱ्या कागदावर आकडे मांडून दाखवले.

समजा, १० लाखांचे कर्ज आहे, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता होतो सुमारे ८,९९७ रुपये. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये नुसते व्याजात जातात. मुद्दल फिटते अवघे दीड हजार! आता सुरुवातीलाच तीन महिने काहीच भरले नाही, तर न भरलेले व्याज मुद्दलात मिसळते आणि कर्ज होते सुमारे १०,२२,६७० रुपये. पुढे हप्ता तेवढाच ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे २५६ हप्ते भरावे लागतात. तीन हप्त्यांच्या सवलतीची किंमत सोळा जादा हप्ते, म्हणजे जवळजवळ १ लाख ४५ हजार रुपये. दंड वेगळाच.

पण त्याच तीन महिन्यांत नुसते व्याज, म्हणजे ७,५०० रुपये, भरता आले तर? मुद्दल जिथल्या तिथे राहते, कर्ज तीन महिने उशिरा फिटते आणि जादा जातात २२,५०० रुपये. तेही जमले नाही, तर काम सुरू झाल्यावर हप्ता सुमारे २४६ रुपयांनी वाढवून घ्यावा. मग कर्ज ठरल्या वेळीच फिटते आणि जादा रक्कम सुमारे ३१ हजारांवर थांबते. अडचण एकच, पण वाट कोणती धरतो यावर एवढा फरक पडतो.

२०२० च्या साथीत हेच साऱ्या देशाने अनुभवले. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुष्कळांना वाटले, हप्ते माफ झाले. पण व्याज चालूच होते. व्याजावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ मार्च २०२१ च्या निकालाने त्या काळातले चक्रवाढ व्याज काढून टाकले. मूळ व्याज मात्र माफ झाले नाही.

ती मुभा साथीपुरती होती. एरवी सवलत देणे बँकेवर बंधनकारक नसते. ती अर्ज करून, कारण पटवून मागावी लागते. परतफेडीचे वेळापत्रक बदलले तर त्याची नोंद कर्जदाराच्या पतइतिहासात होऊ शकते, हेही आधी विचारून घ्यावे. पण गप्प बसणे त्याहून वाईट. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की कर्ज बुडीताच्या वाटेवरचे, म्हणजे ‘अनुत्पादक’ ठरते. मग २००२ च्या कायद्याप्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते.

हे सारे समजल्यावर मी अण्णांना म्हटले, “आपण बँकेत जाऊ.” ते म्हणाले, “पैसे नाहीत हे सांगायला कुठल्या तोंडाने जायचे?” आई म्हणाली, “पाय मोडलाय, चोरी नाही केली.” दुसऱ्या दिवशी कुबडी घेऊन ते निघाले. डॉक्टरांचा दाखला, खात्याचा उतारा आणि मी लिहिलेला अर्ज बरोबर होता. साहेबांनी सगळे वाचले. थकलेले व्याज आधी भरायचे आणि मुदत थोडी वाढवायची, असे ठरले. व्याजापुरते पैसे आईच्या भिशीतून उभे राहिले. निघताना साहेब म्हणाले, “काका, पहिला हप्ता चुकायच्या आधी आला असता तर दंड तरी वाचला असता.”

अण्णा वाटेत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी कपाटातली कर्जाची फाईल काढून माझ्या हाती दिली. “आता ही तूच सांभाळ,” म्हणाले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी अशी एखादी फाईल असेल. ती एकदा उघडून पाहा. व्याजाचा दर, उरलेली मुदत, शिल्लक मुद्दल एवढे तरी वाचून घरच्यांना समजावून सांगा. आणि अडचण आलीच, तर हप्त्याची तारीख उलटण्याआधी बँकेची पायरी चढा. कर्ज काढण्यात कमीपणा नाही, अडचण सांगण्यातही नाही.